थंडी परवडली, पाणी नको

जुनी मोटरहोम बघायला गेलं की लोक आधी इंजिन सुरू करायला सांगतात. मी आधी आत शिरून वास घेते. बंद गाडीचं दार उघडल्यावर जो पहिला भपकारा येतो, तो मालकाच्या तोंडापेक्षा खरं बोलतो. या गाडीत मात्र विकणाऱ्याने सुगंधी फवारा मारून ठेवला होता, त्यामुळे नाक निकामी आणि संशय दुप्पट. मग पिशवीतून ओलावामापक काढला आणि भिंती इंच-इंच तपासायला घेतल्या.

गाडी साडेपाच मीटर लांबीची, डिझेल व्हॅनच्या चेसिसवर मागे घर बांधलेली, वयाची विशी ओलांडलेली. अशा घराची भिंत म्हणजे बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लायवूड आणि दोन्हींच्या मध्ये फोम आणि लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. मापकावर १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर निर्धास्त राहावं, २० च्या पुढे गेला तर कान टवकारावेत. जवळजवळ सगळी गाडी १२-१४ दाखवत होती. पुढच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आकडा चढत चढत २८ वर गेला. बाहेरून तिथे पांढऱ्या सिलिकॉनचा जाड थर थापलेला होता. म्हणजे गळती मालकालाही ठाऊक होती.

"सोडून देऊ," नवरा म्हणाला.

"कोपरा एकच आहे. बाकी अंग कोरडं आहे."

"अगं, पण आत किती सडलंय ते उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"म्हणून तर भाव पाडायचा."

भाव पडला. टायमिंग बेल्ट बदलल्याचा कागद होता, चेसिसवर गंज होता पण वरवरचा. पेचकसाचं टोक कुठेही आत जात नव्हतं. इंजिन जुनं पण साधं आहे, आणि साध्या इंजिनाचा मेकॅनिक कुठेही सापडतो. घराच्या भागाचं तसं नाही. ते स्वतःच उघडून बघावं लागतं.

खिडकी काढली तेव्हा कळलं की सिलिकॉनचा थर पाणी अडवत नव्हता, आत गेलेलं पाणी कोंडून ठेवत होता. खिडकीच्या चौकटीमागची मूळची ब्युटाइलची, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी वाळून तडकली होती. पाणी तिथून शिरायचं आणि बाहेर पडायची वाट सिलिकॉनने बुजवलेली. खालची लाकडी पट्टी अंगठ्याने दाबली की पाणी सुटायचं आणि काळा भुगा बोटाला चिकटायचा. वीतभर पट्टी बाद झाली होती, त्यापलीकडचं लाकूड नुसतं ओलं होतं. बाद तुकडा कापून काढला आणि उरलेल्या भागावर बारीक आचेचा हीटर रोखून ठेवला. वाळवायला लागणारा वेळ दुरुस्तीपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि इथेच माणसं घाई करतात. वरून हाताला कोरडं लागलं तरी मापक दिवसेंदिवस १९ वर अडून बसायचा. १४ च्या खाली येईपर्यंत मी कशाला हात लावला नाही. मग लाकूड घट्ट करणारं रेझिन, नवीन पट्टी, चौकटीला नवीन ब्युटाइल आणि वरून पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ. सिलिकॉनचा कण न् कण आधी खरवडून काढावा लागला, कारण एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही. ज्याने ते थापलं होतं त्याच्या नावाने बरीच बोटं मोडून झाली.

हिवाळ्याआधीच हे उरकायचं होतं, त्याला कारण आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठून फट रुंद करतं, दिवसा वितळून आणखी आत सरकतं आणि पुन्हा गोठतं. शिवाय ओला फोम ऊब धरत नाही. थंडीत जुनी गाडी वापरणारे हीटरबद्दल भरभरून बोलतात. हिवाळाभर फिरल्यावर माझं मत असं झालंय की थंडी हे निमित्त आहे, खरी लढाई पाण्याशी असते. नळीतलं पाणी, श्वासातलं पाणी, डिझेलमधलं पाणी, रस्त्यावरचं खारट पाणी.

नळ्यांपासून सुरुवात करते. गाडी नुसती उभी राहणार असेल तर काम सोपं आहे. पंपाचं बटण बंद, टाक्यांचे ड्रेन कॉक उघडे, सगळे नळ उघडून दांडी गरम आणि थंड यांच्या मधोमध, शॉवरचा हात खाली सोडलेला. दांडी मधोमध ठेवायची ती दोन्ही बाजूंच्या नळ्या रिकाम्या व्हाव्यात म्हणून. एका टोकाला राहिली तर दुसऱ्या नळीत पाणी उरतं आणि नळाच्या आतलं कार्ट्रिज टिचतं. पंपाच्या डोक्यातही घोटभर पाणी राहतं, म्हणून मी पंप सोडवून आणते. मग गाडी थोडी पुढे-मागे घेऊन करकचून ब्रेक मारायचा. कोपऱ्यात दडलेलं पाणी तेव्हा खाली येतं.

फिरतीवर असताना हे सगळं करता येत नाही, कारण पाणी लागतंच. आमची पिण्याच्या पाण्याची टाकी आत, बाकाखाली आहे, म्हणून ती वाचते. सांडपाण्याची टाकी खाली उघड्यावर लटकते, कसलंही आवरण नाही. नव्या महागड्या गाड्यांत दुहेरी फरशी असते आणि दोन्ही टाक्या उबेत असतात. आमच्या गाडीच्या काळात अशा छोट्या गाड्यांसाठी हे चोचले कुणी पुरवत नव्हतं. उपाय गावठी आहे: थंडीत त्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायचा आणि खाली बादली लावायची. बादलीत बर्फ झाला तर उलटी करून आपटता येते, टाकी आपटता येत नाही. बादली अर्थातच योग्य जागीच रिकामी करायची.

बॉयलरने मात्र छळलं. त्याला एक सुरक्षा-व्हॉल्व्ह असतो. आसपासचं तापमान साधारण ३ अंशांवर आलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं पाणी खाली सोडून देतो, म्हणजे आतली टाकी फुटत नाही. कल्पना उत्तम. पण आमच्या गाडीत तो कपाटाच्या तळाशी, बाहेरच्या भिंतीला लागून बसवलाय. कडाक्याच्या थंडीत गाडी चालवताना पुढे केबिनमध्ये इंजिनाच्या उबेत आम्ही स्वेटर काढून बसलेले आणि मागे घरातला हीटर बंद. मुक्कामी पोचून मागे गेले तर पंप एकसारखा घरघरतोय. नळ सोडला तर हवेचे फुरके. वाटेत कधीतरी व्हॉल्व्ह उघडला होता, पंपाचं बटण चालू होतं, पंपाने इमानेइतबारे भरलेली टाकी त्या व्हॉल्व्हवाटे रस्त्यावर ओतून दिली होती.

व्हॉल्व्ह बिघडलेला नव्हता, आपलं काम करत होता. त्याची खुंटी दाबून दोरीने बांधून ठेवणारे लोक आहेत. मला ते पटत नाही, कारण मग बॉयलर फुटायचा दिवस नक्की ठरला. मी गरम हवेच्या नळीला त्या कपाटातून जाताना बोटभर भोक पाडलं आणि एक बारीक फाटा थेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी आणून सोडला. त्यानंतर घरात हीटर चालू असताना तो कधी उघडला नाही. आणि गाडी हलवायच्या आधी पंपाचं बटण बंद करायचं काम आता नवऱ्याकडे आहे.

गॅसच्या बाबतीत रसायनशास्त्रापुढे कुणाचं चालत नाही. ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेलं की द्रवच राहतं, वाफ होत नाही. सिलिंडर हलवला तर आत खळखळ ऐकू येते, पण शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, त्यामुळे हिवाळ्यात प्रोपेनच हवा. मिश्रण असेल तर प्रोपेन आधी उडून जातं आणि तळाला ब्युटेन साचून राहतं. अर्धा सिलिंडर भरलेला असून पहाटे हीटर विझतो तो यामुळे. आमचा हीटर पूर्ण जोरावर तासाला पाव किलोच्या आसपास गॅस खातो, म्हणजे ११ किलोचा सिलिंडर कडक थंडीत दोन-तीन दिवसांत संपतो. दोन सिलिंडर आणि एक संपला की दुसऱ्यावर नेणारा रेग्युलेटर ही मला चैन वाटत नाही. सिलिंडर नेमका संपतो पहाटेच, आणि तेव्हा बाहेर जाऊन पाना फिरवायची हौस कुणालाच नसते.

आता श्वासातलं पाणी. दोन माणसं रात्रभरात अर्धा लिटरभर तरी पाणी श्वासातून आणि घामातून हवेत सोडतात. शिवाय एक किलो प्रोपेन जळलं की १.६ किलोच्या वर पाणी तयार होतं. हीटरचं ज्वलन बंदिस्त असतं, हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेर सोडतो, म्हणून त्याचं पाणी बाहेर जातं. शेगडीचं सगळं आत राहतं. म्हणून शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही. त्यात कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे तो वेगळाच. भांड्यावर झाकण ठेवायचं आणि छताची खिडकी बोटभर उघडायची.

ही बोटभर फट पहिल्या थंडीत नवऱ्याच्या गळी उतरवायला फार त्रास झाला. "आपण गॅस जाळून ऊब करायची आणि ती वर सोडून द्यायची?" हो, थोडी सोडून द्यायची. थंड हवेत मुळात पाणी कमी मावतं. ती आत येऊन तापली की कोरडी होते, आतली ओल शोषते आणि वरून निघून जाते. फट बंद ठेवलेल्या रात्री सकाळी गादीचा कोपरा उचलला तर खालची फळी ओली, तिच्यावर पाण्याचे थेंब ओळीने बसलेले, आणि गादीचं कापड तेवढ्याच भागात गार लागत होतं. तेव्हापासून गादीखाली जाळीचा थर आहे, उशा भिंतीपासून चार बोटं लांब असतात, आणि भिंतीला लागून असलेल्या कपाटांत कपडे कोंबत नाही, मागून हवा फिरायला जागा ठेवते. बुरशी हवा न फिरणाऱ्या कोपऱ्यातच धरते.

फरशीतली भोकं आणि छतावरच्या झडपा बुजवायचा मोह थंडीत सगळ्यांनाच होतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि त्या भोकांतूनच बाहेर जातो. बर्फ पडून गेल्यावर सकाळी मी आधी खाली वाकून ही भोकं आणि हीटरचं धुराडं मोकळं आहे ना ते बघते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ आहे. त्यालाही मुदत असते, मागे तारीख छापलेली असते.

सगळ्यात जास्त ऊब जाते केबिनच्या काचांतून. आतून लावायचे चकचकीत पडदे स्वस्त आणि सोयीचे, पण काच त्यांच्यामागे गारच राहते आणि सकाळी पाणी डॅशबोर्डवर उतरतं. बाहेरून घालायचं जाड आवरण बर्फात काढायला-घालायला जिकिरीचं, ओलं झालं तर ठेवायला जागा नाही, तरीही मी तेच वापरते. काच उबेच्या बाजूला आली की तिच्यावर दव धरत नाही.

विजेने एकदा चांगलंच दमवलं. गोठवणारी रात्र, आणि झोपमोड होऊन बघते तर हीटरचा लाल दिवा लागलेला. पंखा थोडा फिरायचा, बंद पडायचा. बॅटरीवर मीटर लावला: १२.५ व्होल्ट, म्हणजे ठीक. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. मग गॅस बघितला, तोही ठीक. नवरा पांघरुणातून टॉर्च धरून उभा, मी बाकाखाली आडवी. हीटर सुरू होत असताना त्याच्याच जोडणीवर मीटर लावला आणि आकडा १०.८ वर घसरला. बॅटरीपासून हीटरपर्यंत येताना दीड व्होल्टांहून जास्त वाटेतच गायब होत होते. वायर हाताने चाचपत मागे गेले तर फ्यूजचं घर कोमट लागलं. उघडलं तर आत पितळेवर हिरवट पांढरी पूड. सँडपेपरने घासलं, फ्यूजचे पाय घासले, परत बसवलं. १२.२. हीटरने दोन-तीन वेळा टकटक केलं आणि पेट घेतला.

जुन्या गाडीत बॅटरीवर खापर फोडून नवी आणणारे खूप. बहुतेक वेळा दोष जोडण्यांत असतो आणि त्याच्या मुळाशी पुन्हा ओलच. त्या हिवाळ्यानंतर मी गाडीतलं प्रत्येक अर्थिंग उघडून घासलं, ग्रीस लावून बंद केलं. लिथियम बॅटरी अजून घेतलेली नाही. ती हलकी आहे, टिकाऊ आहे, पण शून्याखाली असताना चार्ज केली तर बिघडते आणि आमचा जुना चार्जर तिला समजून घेणारा नाही. लेड-ॲसिडचं पथ्य एकच: उतरलेली ठेवायची नाही. भरलेली बॅटरी सहसा भेटणाऱ्या कुठल्याही थंडीत गोठत नाही, पूर्ण उतरलेली उणे सात-आठ अंशांतच गोठू शकते. छतावरचं सोलर पॅनेल हिवाळ्यात नावापुरतं. सूर्य खाली, दिवस लहान आणि वर बर्फाची चादर.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगते. डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर बुजवतं. उन्हाळी डिझेल टाकीत घेऊन थंड डोंगरावर चढायचं नाही. टाकीतलं डिझेल आधी संपत आणायचं, हिवाळी डिझेल थंड भागातच भरायचं आणि ते इंजिनापर्यंत पोचेल इतकं अंतर चालवायचं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढायचं. ग्लो प्लग, म्हणजे गार इंजिन सुरू होण्यासाठी आत ऊब देणाऱ्या कांड्या, थंडीआधी एकेक करून मीटरने मोजायचे, कारण उन्हाळ्यात चारपैकी दोन मेले तरी इंजिन कुरकूर न करता सुरू होतं. कूलंटमध्ये ग्लायकोल आणि पाणी निम्मंनिम्मं असलं की उणे ३५ च्या आसपासपर्यंत चिंता नाही. रात्री हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये टाकून चाकांना अडण्या लावायच्या. ओली केबल गोठली की ब्रेक धरलेलाच राहतो.

टायरची नक्षी बघून फसायला होतं. मोटरहोम कमी चालते आणि जास्त उभी राहते, त्यामुळे नक्षी शाबूत असताना रबर म्हातारं झालेलं असतं. बाजूला चार आकडे असतात: ३५१८ म्हणजे २०१८ सालचा ३५ वा आठवडा. आमच्या टायरांना बाजूने बारीक भेगा होत्या, सगळे बदलले, तीन शिखरं आणि हिमकण अशी हिवाळी टायरची खूण असलेले घेतले. या जड गाडीच्या टायरांत हवा भरपूर असते, त्यामुळे तापमान १० अंशांनी उतरलं की दाब दोन-अडीच पीएसआयने उतरतो. आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढते आणि मागे लांब लोंबता भाग; निसरड्या चढावर पुढची चाकं हलकी होऊन नुसती फिरतात. साखळ्या म्हणूनच कायम गाडीत असतात, आणि त्या लावायचा सराव कोरड्या जागी करून घेतलाय.

आणि मीठ. बर्फाळ रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकांनी उडून चेसिसच्या खोबणीत बसतं. तापमान शून्याच्या वर आलं की ते जोमाने काम करायला लागतं, म्हणून थंडी संपल्यावर सावकाश धुऊ असं म्हणायचं नाही. आम्ही मुक्कामांच्या मध्ये, जिथे पाणी मिळेल तिथे खालून धुतो. गरम वाफेच्या जोरदार फवाऱ्याने नाही, कारण तो सील आणि बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. साध्या पाइपने, पण भरपूर वेळ. पुरतं वाळल्यावर पोकळ भागांत मेणाचा फवारा. ओल्यावर मारला तर मीठ आत कोंडलं जातं, खिडकीवरच्या त्या सिलिकॉनची तीच गत होती.

या वेळी धुताना मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आवळून धरणाऱ्या यू-बोल्टवरचे गंजाचे पोपडे सुटून हातात आले. मेकॅनिकने हातोडीने ठोकून बघितलं, पाटे चांगले आहेत म्हणाला, पण बोल्टची जाडी बरीच खाल्ली गेलीय. नवे मागवलेत. जुने फिरवून निघणार नाहीत, कापूनच काढावे लागतील असं त्याने आधीच सांगून ठेवलंय.